सोलापूरच्या यंत्रमाग टॉवेल उद्योगाची संघटनरचना व व्यावसायिक आव्हाने : अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या संदर्भात

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोलापूर हे गिरणगाव म्हणून ओळखले गेले. पुढे या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. परंतु कापडाचा धंदा शहरातून गेला नाही. तेलंगणातून येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांचा तो टिकविण्यात मोठा वाटा आहे. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि टॉवेल-चादरीचे अनेक कारखाने अक्कलकोट रोड एमआयडीसीत उभे राहिले.

गिरणीत व्यवस्थापक, खातेप्रमुख, जॉबर व कामगार अशी उतरंड असे. यंत्रमाग कारखान्यात ती बव्हंशी नाहीशी होते. सूतखरेदी, उधारी, विक्री आणि बँकेचे व्यवहार मालकाचे कुटुंबच पाहते. मागाची दुरुस्ती जॉबरकडे असते व विणकराची मजुरी उत्पादनावर ठरते. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एकावर तळाचा ताणा ताठ असतो, तर दुसऱ्यावरील सैल ताण्यातून टॉवेलचे लूप उठतात. दोहोंचा मेळ विणकराच्या नजरेवर अवलंबून असतो. रचनेत मात्र त्याच्या मताला स्थान नाही, ही विसंगती नोंद घेण्याजोगी आहे.

अशी लहान रचना मंदीत तग धरते, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. माग थांबला की मालकाचा खर्च आवरतो. पण त्याच दिवशी विणकराची मजुरीही थांबते.

बाजारपेठेत याच रचनेची दुसरी मर्यादा दिसते. सोलापुरी चादर व सोलापूर टेरी टॉवेल यांना २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि, पानिपत येथील स्वस्त चादरी सोलापुरी म्हणून विकल्या जातात, ही स्थानिक उत्पादकांची तक्रार आहे. मानांकन हा सामूहिक हक्क असल्याने त्याच्या रक्षणासाठी निधी, विधिज्ञ व सातत्याचा पाठपुरावा लागतो. ज्या कारखान्यात विक्रीसाठीही स्वतंत्र माणूस नसतो, त्याला हे एकट्याने पेलणे शक्य नाही.

दि. १८ मे २०२५ रोजी पहाटे या वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यास लागलेल्या आगीत मालक, त्यांचे कुटुंबीय व कामगार मिळून आठ जण मृत्युमुखी पडले. ते कारखान्याच्या आवारातच राहत होते. सूत व कापसाची धूळ झपाट्याने पेट घेते. अशा ठिकाणी राहते घर असेल, तर बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आणि विद्युतजोडणीची नियमित तपासणी अनिवार्य ठरते. गिरणीत अशा कामांसाठी स्वतंत्र माणूस नेमता येई. कुटुंबाने चालविलेल्या कारखान्यात ती बहुधा कोणाच्याच नावावर नसतात.