जयपूर पाय : साधनातून स्वावलंबनाकडे

अपघाताने अथवा आजाराने पाय गमावलेल्या माणसाला पुन्हा उभे केले, एवढ्याने त्याचे पुनर्वसन पूर्ण होत नाही. त्याला शेताच्या बांधावरून चालता येते काय, पंगतीत मांडी घालून बसता येते काय, कोणाच्या आधाराविना शौचास जाता येते काय, हे प्रश्न त्याच्या दृष्टीने अधिक निकडीचे असतात. सहायक साधनाची खरी कसोटी येथेच लागते. जयपूर येथे तयार झालेला कृत्रिम पाय या कसोटीला कसा उतरला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

देशी गरज, देशी उपाय

आपल्याकडे कृत्रिम अवयवांचे काम नवे नाही. पुण्यातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्येच सुरू झाले. मात्र पूर्वी प्रचलित असलेला पाश्चात्त्य धर्तीचा पाय बूट घालून वावरणाऱ्या माणसासाठी घडविलेला होता. त्याचा घोटा ताठ असे. त्यामुळे उकिडवे बसणे अथवा मांडी घालणे अवघड जाई आणि चिखलपाण्यात बूट टिकत नसे. साहजिकच कित्येकजण असा पाय बाजूस ठेवून पुन्हा कुबड्या हाती घेत.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी व कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी या अडचणीवर उपाय शोधला. त्यांनी टाच व चवडा यांसाठी स्पंजासारखे रबर वापरले, घोट्याच्या जागी लाकडी ठोकळा बसविला आणि त्यावर रबराचे आवरण चढवून ते साच्यात उष्णतेने पक्के केले. हे पाऊल दिसावयास खऱ्या पावलासारखे असून ते निरनिराळ्या दिशांना लवते. ते घालून अनवाणी चालता येते आणि भातखाचरातही उतरता येते. १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली व हे पाय गरजूंना विनामूल्य मिळू लागले. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.

वाटपानंतरची जबाबदारी

माणसाच्या राहणीला जुळेल तेच साधन त्याच्या उपयोगी पडते, हा या प्रयोगाचा बोध होय. दरवाजातून आत न जाणारी चाकाची खुर्ची अथवा बॅटरीअभावी पडून राहिलेले श्रवणयंत्र यांनी कोणी स्वावलंबी होत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचा कृत्रिम पाय तर काही काळाने बदलावाच लागतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. हा खर्च करताना पंचायत सदस्यांनी साधन देण्यापूर्वी त्या व्यक्तीचे घर, वाट व व्यवसाय पाहून घ्यावा, आणि दिल्यानंतर त्याच्या दुरुस्तीचीही तजवीज करावी. शाळा व पंचायत कार्यालय यांच्या पायऱ्यांशेजारी उतरता मार्ग बांधताना एक फूट उंचीस निदान बारा फूट लांबी ठेवावी. शिक्षकांनी साधन वापरणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण वेळीच हेरून पालकांच्या नजरेस आणावी. असे झाले तर शासनाने दिलेले साधन घराच्या कोपऱ्यात पडून न राहता रोजच्या वापरात येईल.