आसाला आस जोडताना

जून लागला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा आवाज बदलतो. इंजिनांची धडधड थांबते, बर्फाच्या गाड्या येईनाशा होतात, नौका किनाऱ्याला लागतात आणि शाकारून ठेवल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. हे दिवस सुट्टीचे आहेत असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात नौकांवरची जाळी याच काळात उतरवली जातात. ओसरीवर, पडवीत, ताडपत्रीच्या आडोशाला निळ्या-हिरव्या नायलॉनचे ढीग पसरतात आणि त्यांच्याभोवती माणसं मांडी घालून बसतात. वर पाऊस कोसळत असतो, खाली हात चालू असतात.

महाराष्ट्रातल्या विणकामाची चर्चा निघाली की येवल्याची पैठणी आठवते, सोलापूरची चादर आठवते. रत्नागिरीचं नाव कोणी घेत नाही. इथे माग नाही, ताणा-बाणा नाही. पण रत्नागिरी जिल्ह्याच्या सुमारे १६७ किलोमीटरच्या किनाऱ्यावर खारवी, भंडारी, गाबीत, कोळी आणि दालदी समाजातली माणसं पिढ्यान् पिढ्या धागा हातात घेऊन बसली आहेत. कोकणातलं हे मोठं सामुदायिक विणकाम आहे, आणि त्याला विणकाम म्हणायला आपण उशीर केला आहे.

या कामाचं सगळं मर्म एका गाठीत आहे. एका हातात जाळ्याची सुई असते. ती शिवणाच्या सुईसारखी नसते. वीतभर लांबीची चपटी सुई, मधोमध जिभेसारखा दाता आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला धागा. पूर्वी ती बांबूची किंवा लाकडाची असे, आता प्लास्टिकची मिळते. दुसऱ्या हातात मापाची पट्टी असते. सुई वरच्या ओळीतल्या आसातून ओढायची, धागा पट्टीवर ताणून अंगठ्याने दाबून धरायचा, त्याचा फेर वर टाकायचा, सुई आसाच्या दोन्ही धाग्यांमागून फिरवून त्या फेरातून बाहेर काढायची आणि आवळायची. एक गाठ झाली, एक आस पुरा झाला. आस म्हणजे जाळ्यातलं एक घर. पट्टी बदलली की आसाचं माप बदलतं. अंगठा सैल पडला तर गाठ घसरते, आस लहान-मोठे होतात आणि ओढ लागल्यावर जाळं तिथेच फाटतं. शिकणाऱ्याच्या हाताला आधी समजतो तो ताण, वेग नंतर येतो.

मागावरचा तुटलेला धागा जोडताना विणकर जी गाठ मारतो, तीही हीच. गाठ छोटी आणि चपटी बसते, ओढ पडेल तशी घट्ट होत जाते. येवल्याचा विणकर आणि मिरकरवाड्याचा मच्छीमार कधी एकमेकांना भेटले नसतील, पण त्यांच्या बोटांना एकच गोष्ट ठाऊक आहे. जाळ्याची कला तर मागाच्याही आधीची असावी असं म्हणायला जागा आहे. फिनलंड-रशिया सीमेवरच्या आंत्रेया भागात १९१३ साली शेतजमिनीत एक जाळं सापडलं. विलो झाडाच्या सालीच्या तंतूंचं ते जाळं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं.

ज्याला हे काम मुळापासून पाहायचं असेल त्याने पाग विणताना पाहावा. पाग म्हणजे एका माणसाने फेकायचं गोल जाळं. खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून पागणारा माणूस कोकणात अजून दिसतो. पाग शेंड्यापासून सुरू होतो. मोजकेच आस घेऊन पहिली ओळ गोल जोडायची, मग ठरावीक ओळींनंतर जादा आस घालत घेर वाढवत न्यायचा. ही वाढ कुठे आणि किती घालायची यावर सगळं अवलंबून असतं. वाढ कमी पडली तर फेकलेला पाग पाण्यावर पुरता उघडत नाही, जास्त झाली तर त्याला चुण्या पडतात. शेवटी काठाला शिशाचे मणी ओवायचे. याचा कागदावरचा नकाशा बहुतेकांकडे नसतो, हिशेब मोजणीत असतो आणि मोजणी तोंडपाठ असते.

रापणीची गोष्ट वेगळी. रापण हे एका माणसाचं जाळंच नव्हे. होडीतून अर्धवर्तुळ घेत ते समुद्रात सोडतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर ठेवतात आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत येतात. दक्षिण कोकणात पूर्वापार चालत आलेल्या पद्धतीत रापण संघाचे सभासद आपापले जाळ्याचे तुकडे घेऊन येत, ते तुकडे एकमेकांना जोडले की रापण तयार होई. ज्याचा तुकडा त्याचा वाटा. मासळी वाळूवरच वाटली जाई. युरोपातल्या विणकरांच्या श्रेणी किंवा आपल्याकडच्या जुन्या व्यवसायश्रेणी यांच्याबद्दल पुस्तकांतून पुष्कळ लिहिलं गेलं आहे. रापण संघ ही तशीच संस्था, फक्त तिची कचेरी वाळूत भरते. इथे शिकणं सक्तीचंच होतं, कारण एकाचा तुकडा कच्चा निघाला तर सगळ्यांची मासळी त्याच भोकातून जाणार. म्हणून शेजाऱ्याच्या जाळ्याकडे लक्ष ठेवणं हा आगाऊपणा नव्हता, ते कर्तव्य होतं. मधला भाग बारीक आसाचा आणि बळकट, दोन्ही बाजूंचे पंख मोठ्या आसाचे, ही रचनाही सगळ्यांनी मिळून सांभाळायची.

धागा मात्र पार बदलला. आधी ताग आणि सूत होतं. ओलं सूत कुजतं, म्हणून टॅनिन असलेल्या झाडांच्या सालींचा काढा करून जाळी त्यात बुडवायची आणि उन्हात वाळवायची. हे काम वरचेवर करावं लागे. वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉन बनवलं. कोचीला १९५७ साली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांवर तिथे काम झालं. नायलॉन कुजत नाही, पाणी कमी धरतं, बारीक असूनही ओढ सहन करतं. काढ्याच्या हंड्या गेल्या. पण नायलॉन गुळगुळीत असतं, जुनी गाठ त्यावर सरकते. मग गाठीला आणखी एक वेढा द्यायची रीत पडली. धागा बदलला तसं हातांनाही नव्याने शिकावं लागलं.

आज मोठ्या जाळ्यांचं कापड यंत्रावर विणून येतं आणि किलोवर विकलं जातं. पुणे आणि वाईला कारखाने असलेली, १९७६ साली स्थापन झालेली गरवारे टेक्निकल फायबर्स ही या धंद्यातली मोठी मराठी कंपनी. मग हातांना काम काय उरलं? पुष्कळ उरलं. ते कापड शिंप्यासारखं बेतून कापायचं असतं, तिरपं कुठे आणि सरळ कुठे हे ठरवायचं असतं. शंभर मीटर ताणलेलं जाळं पन्नास मीटर दोरावर चढवलं की आस अर्धे उघडे राहतात. जास्त दोरावर चढवलं तर ते आडवे पसरतात. वर बोये, खाली शिसं. जाळं पाण्यात उभं कसं राहणार ते या बांधणीवर ठरतं, कारखान्यात नाही.

आणि दुरुस्ती. नवख्याला भोक दिसलं की तो थेट भरायला बसतो. जाणता आधी कातर घेतो आणि भोक मोठं करतो. फाटक्या कडा तोडून प्रत्येक गाठीला नेमके किती धागे राहतील ते पाहतो. सुरुवात अशा गाठीपासून करायची, जिला तीन धागे शाबूत आहेत, आणि शेवटही तशाच गाठीवर यायला हवा. मधली प्रत्येक गाठ दोन धाग्यांची. हिशेब बरोबर जमला तर धागा एकदाही न तोडता सुई डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत शेवटच्या गाठीला पोचते आणि भोक कुठे होतं ते शोधून सापडत नाही. चुकला तर शेवटी एक आस जास्त उरतो. मग शेजारी बसलेला चाचा किंवा काका काही न बोलता जाळं आपल्याकडे ओढतो, चार ओळी उसवतो आणि परत देतो. शिकवणं असं होतं. व्याख्यान होत नाही.

व्याख्यानाची सोयही रत्नागिरीत आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून चालू आहे आणि ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. मत्स्यशास्त्राच्या पदवीत जाळ्यांचं तंत्र हा रीतसर विषय असतो, गाठी प्रात्यक्षिकात शिकवल्या जातात. २१०/२/३ हा आकडा कसा वाचायचा हे तिथे कळतं. ९००० मीटर धाग्याचं वजन २१० ग्रॅम, तसे दोन धागे मिळून एक पदर, तसे तीन पदर पिळून दोरा. बाजारात दुकानदार आणि तांडेल, म्हणजे नौकेचे म्होरके, हेच आकडे सहज बोलतात. हंगामात नेपाळहून आलेले खलाशी धक्क्यावर हे सगळं दोन-तीन भाषांच्या मिश्रणातून उचलतात. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता, ती आज कोकणची गाठ मारतात, ही बाब साधी नाही.

विणणाऱ्याच्या हातातली ती मापाची पट्टी आता कायद्यातही आली आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्याखालच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर निर्बंध आले, त्यात आस २५ मिलिमीटरपेक्षा लहान नसावा असं ठरलं. कारण सरळ आहे. आस बारीक झाला की पिल्लंही वर येतात आणि पुढच्या वर्षी मोठी मासळी राहत नाही. त्यातही तिरप्या चौकटीचा आस ओढ लागताच मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो आणि लहान मासे त्यातून निसटतात. माप नियमात लिहिता येतं. ते पाळलं जातं की नाही हे जाळं बांधणाऱ्या माणसावर आहे. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकावाले यांच्यातला वाद अनेक वर्षं धुमसतो आहे, आणि त्या वादाच्या मुळाशी शेवटी हीच पट्टी आहे.

कधी कधी जाळं मुद्दाम कापावं लागतं. कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला कमाल २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाहायला दरवर्षी गर्दी होते. त्या कासवांसाठी कोणीतरी आपलं विणकाम स्वतःच्या हाताने कापलं आहे, हे त्या गर्दीला सांगायला हवं.

मागावर विणणाऱ्यांसाठी देशात ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. जाळी विणणाऱ्यांचं काय? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या गणनेत जाळी विणणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांचा वेगळा रकाना असतो, म्हणजे माणसं मोजली जातात. पण त्यांची कला कोणी लिहून ठेवत नाही. हर्णैला एका गाठीला काय म्हणतात, जयगडला काय, साखरी नाटेला काय, पागाची वाढ कोणत्या ओळीला घालतात, हे सांगणारी माणसं अजून ओसरीवर बसलेली आहेत. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी येत्या जूनमध्ये वही आणि थोडा दोरा घेऊन त्यांच्याकडे जावं. दुपारी जावं, आणि फोटो काढण्याआधी सुई हातात मागून घ्यावी.