संग्राहकाचा वारसा आणि चित्राचे भवितव्य

अमूर्त अभिव्यक्तिवादी अमेरिकन चित्रकार रॉबर्ट मदरवेल (१९१५-१९९१) यांनी कोलाजबरोबर मुद्राचित्रेही विपुल निर्माण केली. मुद्राचित्र ही नक्कल नव्हे. दगड वा धातूच्या पत्र्यावरून मर्यादित संख्येने काढलेली ती मूळ कलाकृतीच असते. तिच्यावरील '१२/५०' या आकड्याचा अर्थ पन्नास प्रतींपैकी बारावी प्रत असा होतो. साहजिकच संग्राहकाच्या पश्चात एक प्रत विकली गेली, तरी इतर प्रती अभ्यासता येतात.

एकमेव चित्राबाबत तसे घडत नाही. वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांनी काही चित्रांत फाडलेल्या कागदांनी कॅनव्हासवर रंग उमटविले. ही रीत कोलाज व मुद्रण या दोहोंना जवळची असली, तरी तिच्यातून घडलेले प्रत्येक चित्र एकच असते.

या दृष्टीने मुंबईतील दोन संग्रह उद्बोधक ठरतात. गॅलरी केमोल्डचे केकू गांधी २०१२ मध्ये निवर्तले. त्यांच्या व खोर्शेद गांधी यांच्या संग्रहातील चित्रे डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या भारतातील पहिल्या लिलावात विक्रीस आली. याउलट जहांगीर निकल्सन (निधन २००१) यांचा सुमारे ८०० कलाकृतींचा संग्रह न्यासाकडे राहिला. २०११ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यासाठी स्वतंत्र दालन आहे. गायतोंडे यांची चित्रेही या संग्रहात आहेत.

विक्री हा वारसांचा हक्कच होय. तथापि विक्रीपूर्वी चित्राचे छायाचित्र, मोजमाप व मालकीचा इतिहास एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे नोंदविला गेल्यास, चित्र दुरावले तरी त्याचा अभ्यास खुंटणार नाही.