घरच्या पंक मिक्सवरचा अभिप्राय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक माइक आणि गिटार एवढ्या सामानावर आज हातकणंगल्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीतही पंक रॉकचं गाणं पुरं करता येतं. अडतं ते त्यानंतर. मिक्स (म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एकत्र केलेलं गाणं) मित्रांना पाठवला की 'एक नंबर' किंवा 'नुसता कल्ला' असं काहीतरी परत येतं आणि त्यातलं काहीच मिक्स सुधारायला कामी येत नाही. अभिप्राय म्हणजे आवडनिवड, ही समजूत याच्या मुळाशी आहे. मिक्स करणाऱ्याला हवी असते ती माहिती: काय ऐकू आलं, कुठे आणि कशावर. बाकीचे गैरसमज या एका समजुतीतूनच निघतात.

गैरसमज: पंक ओबडधोबडच असतं, त्याच्या मिक्सवर काय बोलायचं?

अमेरिकन पंक बँड रॅमोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम सुमारे ६,४०० डॉलरमध्ये, आठवड्याभरात झाला. तरीही त्यात बेस गिटार एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला, ही मांडणी ठरवून केलेली आहे. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने 'स्पायरल स्क्रॅच' ही ईपी रेकॉर्ड केली. रेकॉर्डिंगला तीन तास आणि मिक्सला दोन तास लागले, असं त्यांचा तेव्हाचा गायक हॉवर्ड डिव्होटो याने सांगितलं आहे. एवढ्या घाईतही पाचातले दोन तास मिक्सला दिले गेले. यावर कुणी म्हणेल, खरखर काढली तर पंक उरेल काय? पण ठरवून ठेवलेली खरखर वेगळी आणि नकळत राहून गेलेली वेगळी. गिटारचं डिस्टॉर्शन मुद्दाम लावलेलं असतं. इंटरफेसचा लाल दिवा पेटेपर्यंत ओरडल्यामुळे फाटलेला व्होकल बहुतेकदा अपघात असतो. मुंबईच्या 'द रायट पेडलर्स'सारख्या बँडची गाणी राजकीय टोमण्यांवर उभी असतात. तिथे शब्द कळले नाहीत तर गाण्याचा मुद्दाच बुडतो. दुसऱ्या एखाद्या बँडला गायकाचा आवाज गिटारांखाली दबलेलाच हवा असेल. म्हणून बँडला काय साधायचं होतं, हे कळल्याशिवाय चूक-बरोबर ठरत नाही.

गैरसमज: कान तयार असला की कुठेही सारखंच ऐकू येतं.

हातकणंगले तालुक्यातल्या इचलकरंजीचं नाव लावणाऱ्या बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली; विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य. त्या तालमीत गुरू आणि शिष्य एकाच खोलीत, समोरासमोर तोच स्वर ऐकत आणि दुरुस्ती तिथल्या तिथे होई. मिक्सला ही सोय नाही. तो प्रत्येक ऐकणाऱ्याकडे वेगळा होऊन पोचतो. दहा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा आवाज घुमतो आणि बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झला वाजते. परिणामी भिंतीशी बसणाऱ्याला तो स्वर फुगलेला वाटतो आणि दोन्ही भिंतींच्या मधोमध बसणाऱ्याला जेमतेम ऐकू येतो. मोबाइलचा स्पीकर तर एवढा खर्ज जवळजवळ काढतच नाही. त्यात आवाजाच्या पातळीची भर: हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं. म्हणून दोन मिक्सची तुलना करताना पातळी सारखी ठेवावी लागते, नाहीतर जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो.

गैरसमज: उपाय सांगता आला तरच अभिप्राय द्यावा.

शिंप्याला 'काखेत ओढतंय' एवढं सांगितलं की पुरतं. उसवायचं कुठे ते तो बघतो. 'दुसऱ्या कडव्यात शब्द कळले नाहीत, मोबाइलवर ऐकलं' हे वाक्य 'ईक्यूत ३ किलोहर्ट्झ वाढव' यापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण कारणं अनेक असू शकतात: गिटार त्याच पट्ट्यात दाटल्या असतील, गायक माइकपासून दूर असेल, किंवा उच्चारच अस्पष्ट असतील. मग जाणकाराची गरज नाही असं नव्हे. कारण शोधायला तोच लागतो, पण त्यालाही सुटे ट्रॅक ऐकावे लागतात. शब्द कळले की नाही हे मात्र गाण्याशी संबंध नसलेली शेजारीणही तितक्याच खात्रीने सांगू शकते.

गैरसमज: सगळ्यांचं ऐकावं, नाहीतर कुणाचंच ऐकू नये.

वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या स्पीकरवर ऐकणारे तिघे एकमेकांशी न बोलता 'स्नेअर ड्रम ऐकूच येत नाही' म्हणाले, तर दोष मिक्समध्ये असण्याची शक्यता मोठी. एकालाच तसं वाटलं, तर आधी त्याची जागा आणि साधन विचारावं. एकाच इयरफोनवर रॅमोन्सचा तो अल्बम ऐकणाऱ्यालाही गिटार किंवा बेस यांतलं एक हरवल्यासारखं वाटेल. पाठवणाऱ्यानेही पथ्य पाळावं. 'व्होकल दबलाय का बघ' असं आधीच म्हटलं की ऐकणाऱ्याला तो दबलेलाच वाटू लागतो. पहिल्यांदा काही न सांगता ऐकू द्यावं, उत्तर टिपून घ्यावं आणि मगच बँडला काय साधायचं होतं ते सांगून पुन्हा ऐकवावं. एवढं करूनही मतं सारखी येतील असं नाही. शेवटचा निर्णय बँडचाच राहतो. आवाज मुद्दाम दाबला असेल, तर 'शब्द कळत नाहीत' ही तक्रार तो बेत साधल्याची खूण ठरते.