‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे?

तत्त्वज्ञानाचा मास्तर एसीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या संस्थेच्या सभागृहात एसी बसवायचा ठरला आणि आउटडोअर युनिटची जागा ठरवायचं काम आम्हा तिघा विश्वस्तांवर आलं. त्यात जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आपण ‘टन’ म्हणतो ना, ते यंत्राचं वजन नव्हे बरं का. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगानं उष्णता शोषतो, तो हा टन. म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट. आमची गरज २० टनांची, म्हणजे सभागृहातून ७० किलोवॉट उष्णता काढायची. कॉम्प्रेसर आणि पंखे जी वीज घेतात, तीही शेवटी उष्णताच होते. ती २० किलोवॉट धरा. बाहेर पडणार ९०. दोन किलोवॉटचे ४५ गीझर एकदम चालू केल्यासारखं झालं!

ठेकेदारानं जागा सुचवली ती इमारतीमागच्या बोळात. पाइप आखूड, खर्च कमी. आम्ही मान डोलावली. पण सोबतचा मेकॅनिक म्हणाला, “सर, इथं युनिटला श्वास घेता येणार नाही.” म्हणजे काय? तर बोळात पंख्यानं फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत कॉइलमध्येच शिरणार. मग गॅसचं प्रेशर चढतं, गारवा कमी होतो, बिल वाढतं आणि ऐन मे महिन्यात यंत्र ट्रिप होतं.

बोळात आणखी एक गोष्ट होती. पहारेकऱ्याच्या खोलीची एकुलती एक खिडकी. आता बघा, यंत्राची अडचण झाली तर ते बंद पडून सांगतं. खिडकीमागच्या माणसाची अडचण कुठल्या मीटरवर दिसते? बोळ रुंद असता तर यंत्र मजेत चाललं असतं, आणि ती खिडकी आम्हाला दिसलीही नसती. हे कबूल करायला हवं.

शेवटी युनिटं गच्चीवर नेली. वजन पेलेल का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलं. लोखंडी स्टँडचा भार बीमवर घेतला, खाली रबरी पॅड दिले. नाहीतर कंपनं खालच्या मजल्यावर ऐकू येतात. कठड्यापासून अंतर ठेवलं, वरची बाजू मोकळी ठेवली. दुरुस्तीला येणाऱ्याला दोन पायांवर नीट उभं राहता येईल एवढी जागा सोडली. भिंतीवरच्या ब्रॅकेटला लोंबकळून काम करणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पाइप लांबले, त्यामुळे थोडी क्षमता घटली आणि खर्च वाढला. बैठकीत वादही झाला. तो व्हायलाच हवा होता, कारण आतला गारवा आमचा असेल तर त्याचा पूर्ण खर्चही आमच्याच वहीत लिहायला हवा.

तेव्हा तुमच्याकडे युनिट बसवायची वेळ आली, की जागा ठरवण्याआधी तिथं जाऊन दहा मिनिटं उभे राहा. हवा कुठून येते, कुठे जाते आणि वाटेत कोण राहतं, ते बघा.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.