शाळेच्या अंगणातील पर्जन्यमापक

पावसाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतात व ती मिलिमीटरांत लिहितात, हे चौथीच्या मुलांकडून घोकून घेण्यापेक्षा, सपाट तळाचे व उभ्या भिंतींचे दोन डबे, एक रुंद नि एक अरुंद, झाडांपासून व वळचणीपासून दूर ठेवून त्यांतील पाण्यात पट्टी उभी धरावयास सांगणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. रुंद डब्यात पाणी अधिक चढेल, अशी बहुतेकांची दृढ समजूत असते. परंतु दोहोंतील उंची जवळजवळ सारखीच भरते, तेव्हा रुंद तोंडातून पाणी अधिक येते खरे, पण त्याला पसरावयास तळही तितकाच मोठा मिळतो, हे कारण मुलांनाच शोधू द्यावे. मग एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हा हिशेब शाळेच्या छपरालाही लावता येतो: ५० चौरस मीटरांवर २० मिलिमीटर पडला, तर १००० लिटर! कोरड्या दिवशीही रकान्यात शून्य लिहावेच, कारण रिकाम्या रकान्यावरून पाऊस पडला नाही की मोजावयाचा राहिला, हे कळत नाही. २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झालेला दिवस हवामान खाते पावसाचा दिवस मानते. त्या कसोटीने आपल्या गावचे दिवस मुलांनी आश्विनअखेर स्वतः मोजावेत.