क्रूझला निघालात? बॅगा दोन भरा!

क्रूझ म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर एकच सीन येतो. जहाजाच्या टोकावर हात पसरून उभे असलेले जॅक आणि रोझ! 'टायटॅनिक' १९९७ साली आला. तेव्हापासून एलिफंटाच्या लाँचवर हा सीन किती जोड्यांनी करून पाहिला असेल, देव जाणे. आता मात्र खरीखुरी क्रूझ आपल्या पगारातही बसायला लागली आहे. मुंबईच्या बंदरातून गोव्याला आणि लक्षद्वीपला जहाजं सुटतात, सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या सफरी मिळतात. शुक्रवार-सोमवारची रजा टाकली की झालं! ऑफिसच्या लंच टेबलवर कुणी ना कुणी मोबाइलवर पॅकेज दाखवत बसलेलं असतंच.

मी दोनदा जाऊन आलेय. एकदा मैत्रिणींबरोबर सिंगापूरहून आणि नंतर आई-बाबांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपला. त्यामुळे हल्ली जो तो मलाच विचारतो, 'काय काय न्यायचं गं?' माझं उत्तर ठरलेलं आहे. कपडे हवे ते न्या, पण बॅगा दोन भरा. एक जहाजवाल्यांच्या हातात द्यायची आणि दुसरी स्वतःच्या खांद्यावरून उतरवायची नाही. असं का, ते सांगते. पण आधी बुकिंग.

आधी महिना, मग केबिन

आपल्या पिढीला क्रूझ म्हणजे स्विमिंग पूल आणि पार्टी. आपल्या आजी-आजोबांना मात्र बोट म्हटलं की भाऊचा धक्का, ट्रंका आणि 'बोट लागणं' आठवतं. गाडी लागते तशीच बोट लागते, आणि जहाज कितीही झगमगीत असलं तरी समुद्र तोच आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो बराच शांत असतो. म्हणजे आपली क्रूझ याच महिन्यांत. ऐन मे अखेरीला 'डील' मिळत असेल तर ती का मिळतेय, याचा जरा विचार करा.

केबिनचे साधारण चार प्रकार असतात. आतली बिनखिडकीची, समुद्र दिसणारी, बाल्कनीवाली आणि सूट. दोन-तीन रात्रींसाठी माझं मत स्पष्ट आहे. आतली घ्या आणि वाचलेले पैसे दुसरीकडे खर्च करा, कारण केबिनमध्ये आपण फक्त झोपायला जातो. हनीमूनवाल्यांना मात्र बाल्कनी माफ! ज्याला बोट लागते त्याने जागा नीट निवडायची. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हलणं सगळ्यांत कमी जाणवतं. पुढच्या टोकाला आणि अगदी वरच्या मजल्यावर सगळ्यांत जास्त. म्हणजे सगळ्यांत महागडी केबिन कधी कधी सगळ्यांत जास्त डुलते. आहे की नाही गंमत?

पॅकेजवरचा मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा माणशी असतो आणि तोही दोघांनी केबिन शेअर केली तर. एकट्याने जायचं म्हटलं की जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. त्यावर पोर्ट चार्जेस, टॅक्स आणि जहाजावरच्या स्टाफची रोजची टिप, ही माणशी रोज लागते. जेवण तिकिटात असतं. दारू, वाय-फाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली आणि खास रेस्टॉरंट्स यांचे बहुतेक जहाजांवर वेगळे पैसे. बुकिंग करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, 'मी जहाजावर एक रुपयाही खर्च केला नाही तर एकूण किती?' फोनवर दोन सेकंद शांतता पसरते. मग खरा आकडा कळतो.

नवविवाहितांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. लग्नात नाव बदललं, तिकीट नव्या आडनावाने काढलं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा, असा प्रकार प्रत्येक सीझनला कुणाचा तरी होतोच. गोवा-लक्षद्वीपला पासपोर्ट लागत नाही, पण सरकारी फोटो ओळखपत्र मूळ हवं. लक्षद्वीपसाठी प्रवेश परमिटही लागतं. ते जहाज कंपनी काढून देते की तुम्हाला काढायचंय, हे आधीच विचारून घ्या. परदेशी सफरीत जहाज सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा. वाटेतल्या प्रत्येक बंदराचे नियम वेगळे, तेही तुमच्या तारखेचे पाहा. घरात कुणाला दिवस गेले असतील तर तेही आधी सांगा. बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यानंतर जहाजावर घेत नाहीत.

खांद्यावरची बॅग

आता मुख्य मुद्दा. टर्मिनलवर तुमच्या मोठ्या बॅगेला केबिन नंबरचा टॅग लावतात आणि ती घेऊन जातात. हजारभर प्रवाशांच्या बॅगा तपासून, मजल्यामजल्यावर वाटून तुमच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते, कधी रात्रही. तोवर तुमच्याजवळ फक्त खांद्यावरची बॅग.

माझ्या बाबांना डायबेटिस आहे. रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन लागतं. आमची मोठी बॅग आली रात्री सव्वानऊला. इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, बीपीच्या गोळ्या, प्रिस्क्रिप्शन, सगळं माझ्या सॅकमध्ये थर्मासच्या पाऊचसकट होतं, त्यामुळे बाबा आठ वाजता निवांत जेवायला बसले होते. त्याच वेळी रिसेप्शनवर एक काकू रडकुंडीला आल्या होत्या. काकांच्या हार्टच्या गोळ्या सुटकेसमध्ये आणि सुटकेस कुठल्या मजल्यावर आहे ते कुणालाच सांगता येईना. स्टाफ धावपळ करत होता, पण बॅगांच्या त्या डोंगरातून एक निळी व्हीआयपी शोधायची कशी? शेवटी जहाजावरच्या डॉक्टरांनी सोय केली. त्याचं बिल वेगळं. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावरच कळतं. आई-वडिलांना नेणार असाल तर ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या आणि त्यात जहाजावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरलाय का, ते वाचा. भर समुद्रात ॲम्ब्युलन्स येत नाही.

तर खांद्यावरच्या बॅगेत हे हवं : औषधं, सफर जितक्या दिवसांची त्याहून दोन-तीन दिवस जास्तीची. सगळी कागदपत्रं आणि त्यांची झेरॉक्स. चार्जर. एक कपड्यांचा जोड. आणि स्विमिंग कॉस्च्युम! पहिल्या दुपारी पूल रिकामा असतो, कारण बाकी सगळ्यांचे कॉस्च्युम बॅगेत अडकलेले असतात. कॉस्च्युम नायलॉनचाच न्या, सुती टी-शर्टवर पाण्यात उतरू देत नाहीत. इन्सुलिन असेल तर आणखी एक. केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा नुसता गारवा देतो. रिसेप्शनला सांगून दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवता येईल का, ते विचारा. आमचं तसंच ठेवलं.

ही बॅग सॅकच हवी, पर्स नको. लक्षद्वीपला बेटाभोवतीचं पाणी उथळ आणि प्रवाळाचं, त्यामुळे मोठं जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. जहाजातून बोटीत पाय टाकताना खलाशी तुमचे दोन्ही हात धरतो. हात मोकळे हवेत. आईने त्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला, तेही माझ्याशी अर्धा तास वाद घालून. नंतर स्वतःच शेजारच्या बाईंना सल्ला देत होती! हवा बिघडली तर हे उतरणं रद्दही होतं. तशी मनाची तयारी ठेवा. आणि किनाऱ्यावरचं प्रवाळ आठवण म्हणून उचलू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

मोठ्या बॅगेत काय?

कमी. केबिन आपल्या वन-रूम-किचनच्या बाल्कनीएवढी असते. दिवसा शॉर्ट्स, कॉटनचे कपडे, रात्री एक बरा ड्रेस किंवा शर्ट-ट्राउझर, मिरवायचा एक जोड, बस. आत एसी कडक असतो, स्टोल किंवा पातळ स्वेटर लागतोच. डेकवर वारा असा की घेरदार स्कर्टची फजिती ठरलेली. न घसरणाऱ्या सँडल्स न्या. बहुतेक केबिनच्या भिंती लोखंडी असतात, लोहचुंबकाचे चार हुक नेलेत तर ओले कपडे आणि टोप्या टांगता येतात. पंचवीस-पन्नास रुपयांचं काम, पण शेजारच्या केबिनवाले बघायला येतात.

न्यायचं नाही ते : इस्त्री, किटली, मेणबत्ती आणि उदबत्ती. हो, उदबत्तीसुद्धा! जहाजावर आगीची भीती सगळ्यांत मोठी. आईने रोजच्या पूजेसाठी पुडा घेतला होता, मी तो घरीच काढून ठेवला. पूजा झाली, नुसत्या हात जोडून. घरचं जेवणही चालत नाही. चिवडा-चकली न्यायची तर दुकानातली सीलबंद पाकिटं.

बोट लागणाऱ्यांनी ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या आधी घ्यायची. एकदा मळमळायला लागल्यावर गोळी पोटात टिकत नाही. गोळीने झोप येते, त्यावर बिअर नको. आलेपाक खिशात ठेवा. पोट रिकामं ठेवू नका, केबिनमध्ये पडून राहू नका, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा.

सात छोटे, एक लांब

जहाज सुटण्याआधी सेफ्टी ड्रिल होतं. लाइफ जॅकेट कुठे, तुमची जमायची जागा कुठली, हे दाखवतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. नेमकी याच वेळी तरुण मंडळी वरच्या डेकवर फोटो काढत असतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचं होतं. त्यानंतर नियम कडक झाला, ड्रिल निघण्याआधी किंवा निघताक्षणी व्हायलाच हवं.

माझे बाबा रेवदंड्याकडचे. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, ही गोष्ट त्यांनी लहानपणी आजीकडून ऐकलेली. आमच्या जहाजावर सगळे बुफे शोधत होते, तेव्हा बाबा लाइफबोटी मोजत होते. ड्रिलला पहिल्या रांगेत उभे राहिले. मग केबिनपासून आमच्या जागेपर्यंत जिन्याने दोनदा चालत गेले, लिफ्ट नाही. आईने डोक्याला हात लावला. मी मात्र त्यांच्याबरोबर चालले, आणि त्या रात्री ते खरंच शांत झोपले. तुमच्या आई-बाबांनाही हे पाच मिनिटांचं चालणं करून आणा. पुढचे तीन दिवस ते निर्धास्त असतील आणि तुम्हीही.

घड्याळ आणि फोन

समुद्रात गेल्यावर फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल आकाशाला भिडतं. एअरप्लेन मोड, मग हवं तर जहाजाचं वाय-फाय. बॉसला आधीच सांगून ठेवा. खरं सांगू? तीन दिवस 'नॉट रीचेबल' असण्यासारखी चैन जहाजावर दुसरी नाही.

हातावर साधं घड्याळ मात्र हवं. आमच्या सिंगापूरच्या सफरीत फुकेत होतं. फुकेतची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे. किनाऱ्यावर उतरलं की मोबाइल गुपचूप तिथली वेळ दाखवायला लागतो आणि जहाज चालतं स्वतःच्या वेळेवर. मोबाइलमध्ये चार वाजले की जहाजावर पाच! जहाजाच्या सहलीतून गेलात तर सहसा तुमच्यासाठी थांबतात. स्वतः टॅक्सी करून भटकलात आणि उशीर झाला, तर पुढच्या बंदरापर्यंत विमानाने स्वखर्चाने. काही जहाजं पासपोर्टही जमा करून घेतात, म्हणून त्या झेरॉक्स खांद्यावरच्या बॅगेत. सिंगापूरला विमानाने आदल्या दिवशीच पोहोचा. पुण्याहून मुंबईला येणाऱ्यांनीही एक्स्प्रेसवेच्या घाटावर फार विश्वास टाकू नये. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं.

शेवटची रात्र

जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर लिहिलं जातं. शेवटच्या रात्री रिसेप्शनला जाऊन बिल ओळ न् ओळ वाचा. सकाळी तिथे लोकलसारखी गर्दी असते. परदेशी जहाजावर क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डवर अडवून ठेवलेले पैसे मोकळे व्हायला बरेच दिवस लागू शकतात.

मग मोठी बॅग झोपण्याआधी दाराबाहेर ठेवायची, ती सकाळी थेट टर्मिनलवर मिळते. उद्याचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. सिंगापूरला आमच्या ग्रुपमधल्या एका शहाण्याने शिस्तीत सगळं पॅक करून बॅग बाहेर ठेवली, अगदी शेवटची पँटसुद्धा. सकाळी तो इमिग्रेशनच्या रांगेत गंभीर चेहऱ्याने उभा होता. वर ब्लेझर, खाली मिकी माउसची नाइट पँट.